तेवीस दिवस आणि तेरा पायऱ्या: इंग्लंडमधल्या एका काउन्सिलचे प्रकरण

हे प्रकरण २०२२-२३ च्या हिवाळ्यातले आहे. इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, मी तेव्हा काउन्सिलची (तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेची) सोशल वर्कर होते. ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांना इथे काकू म्हणते. हाकही मी तशीच मारत असे. "लिही, पण नाव तेवढं नको," असे त्यांनी सांगितले होते. म्हणून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटना ज्या क्रमाने घडल्या तो क्रम तसाच आहे.

आईवडील इंग्लंडात आणि मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा अमेरिकेत, अशी मराठी घरे आता बरीच दिसतात. "एनएचएस सगळं बघतं" हे वाक्य त्या मुलांच्या तोंडून मी कितीदा तरी ऐकले आहे. एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा. रुग्णालयाच्या दारापर्यंत ते बरोबर आहे. त्या दाराबाहेर आई कुठे झोपणार, जिना कशी चढणार, अंघोळ कोण घालणार, हे प्रश्न काउन्सिलच्या टेबलावर येतात. तिथे काय होते, ते घरच्यांना बहुधा ऐन गडबडीत पहिल्यांदा कळते.

पार्श्वभूमी

काकू तेव्हा ८१ वर्षांच्या होत्या. लग्न करून १९७३ मध्ये सातारा जिल्ह्यातून इकडे आल्या. काका एका इंजिनिअरिंग कारखान्यात फिटर होते. २०१९ मध्ये काका गेले आणि तेव्हापासून काकू एकट्या. घर विटांच्या एका लांब ओळीतले, दोन्ही बाजूंनी शेजारच्या घरांना चिकटलेले. खाली दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. झोपायच्या खोल्या, न्हाणीघर आणि संडास वर. मध्ये तेरा पायऱ्यांचा उभा जिना, त्याला कठडा एकाच बाजूला. मुलगा गाडीने अडीच तासांच्या अंतरावर, मुलगी पुण्यात. दुकान, बस आणि शेजार यांच्यापुरते इंग्रजी काकूंना येत होते. कागदपत्रे आयुष्यभर काकांनीच सांभाळली.

आता इथली कामांची वाटणी थोडी सांगायला हवी, नाहीतर पुढचे उलगडणार नाही. मुंबईत केईएम, सायन, नायर ही रुग्णालये महापालिकेची आहेत. त्यामुळे नगरसंस्था आणि रुग्णालय हे नाते आपल्या परिचयाचे आहे. इंग्लंडातही एकेकाळी कितीतरी रुग्णालये काउन्सिलांकडे होती. ५ जुलै १९४८ रोजी एनएचएस सुरू झाली आणि ती रुग्णालये काउन्सिलांच्या हातून गेली. त्याच दिवशी नॅशनल असिस्टन्स ॲक्ट लागू झाला. वार्धक्यामुळे किंवा अपंगत्वामुळे ज्यांना आधार लागतो त्यांची सोय काउन्सिलने करायची आणि ऐपत असेल त्याच्याकडून पैसे घ्यायचे, असे त्यात ठरले. म्हणजे औषधोपचार सगळ्यांना मोफत आणि रोजच्या जगण्याला लागणारा आधार ऐपत तपासून. ही रेघ एकाच दिवशी पडली आणि आजही तशीच आहे. मोडलेले हाड रेघेच्या एका बाजूला येते आणि त्यामुळे अडलेली अंघोळ दुसऱ्या बाजूला. १९७४ मध्ये घरोघरी जाणाऱ्या परिचारिका आणि सार्वजनिक आरोग्य हेही काउन्सिलांकडून एनएचएसकडे गेले. त्यातले सार्वजनिक आरोग्याचे काम २०१३ मध्ये काउन्सिलांकडे परत आले.

काकूंच्या भागात काउन्सिलेही दोन. प्रौढांची काळजी काउंटी काउन्सिलकडे; मी तिथली. घरे, घरांतल्या दुरुस्त्यांचे अनुदान आणि कचरा डिस्ट्रिक्ट काउन्सिलकडे, म्हणजे काउंटीतल्या एका लहान भागाच्या काउन्सिलकडे. दोन्हींची कार्यालये वेगळ्या गावांत, संगणकही वेगळे. रुग्णालय या दोघांपैकी कुणाचेच नाही.

हे तुकडे एकत्र बांधण्यासाठी १ जुलै २०२२ पासून इंग्लंडमध्ये ४२ इंटिग्रेटेड केअर सिस्टिम (एकात्मिक काळजी व्यवस्था) कायद्याने अस्तित्वात आल्या. प्रत्येकीत एनएचएसचा पैसा वाटणारे एक मंडळ असते आणि ते मंडळ व काउन्सिले यांची मिळून एक समिती असते. मंडळावर काउन्सिलांनी सुचवलेला किमान एक सदस्य घ्यावा लागतो. काकू पडल्या तेव्हा या रचनेला सहा महिनेही झाले नव्हते. वरच्या बैठकांना माणसे जमू लागली होती. रुग्णालयाच्या वॉर्डात आम्ही अजून एकमेकांचे फोन नंबर शोधत होतो.

अडचण

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी, चहाचे भांडे उतरवताना, काकू स्वयंपाकघरात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. दिवा उशिरापर्यंत दिसला म्हणून शेजारीण आली. त्या महिन्यात हृदयविकार किंवा पक्षाघाताचा संशय असलेल्यांकडे पोहोचायलाही रुग्णवाहिकांना सरासरी दीड तासाहून अधिक लागत होता. उद्दिष्ट १८ मिनिटांचे होते. काकू फरशीवर किती वेळ होत्या याची नोंद "अनेक तास" एवढीच आहे.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली आणि चांगली झाली. नवव्या दिवशी डॉक्टरांनी शेरा लिहिला की यांना आता रुग्णालयात राहण्याची गरज नाही. त्या जानेवारीत इंग्लंडभर रोज तेरा-चौदा हजार खाटांवर अशी माणसे होती: उपचार संपलेले, पण बाहेरची सोय न झालेली.

बाराव्या दिवशी फाइल माझ्याकडे आली. काकूंबद्दलच्या नोंदी अशा होत्या: गोंधळलेल्या आहेत, जेवण नाकारतात, व्यायामाला सहकार्य करत नाहीत, कमोड (पलंगाशेजारी ठेवायची शौचाची खुर्ची) नाकारला, स्वतःचे घर नाही.

शेवटची नोंद वाचून मी थबकले, कारण पत्ता तर फाइलच्या पहिल्याच पानावर होता. शोध घेतल्यावर कळले की चौथ्या दिवशी फोनवर दुभाषा घेतला होता आणि तो हिंदीचा होता. "मराठी म्हणजे हिंदीसारखंच ना," या समजुतीवर. शस्त्रक्रियेनंतरच्या भ्रमात काकूंचे होते नव्हते ते इंग्रजी गेले होते. या वयात असे पुष्कळदा होते. हिंदी त्यांना सिनेमापुरती समजायची. त्या काहीतरी बोलल्या, दुभाष्याने त्याचा अर्थ लावला आणि परिचारिकेने तो लिहून घेतला. बेघर होण्याची भीती असलेला रुग्ण दिसला तर त्याच्या संमतीने गृहनिर्माण खात्याला कळवायचे, असे बंधन इथल्या रुग्णालयांवर २०१८ पासून आहे. त्याप्रमाणे डिस्ट्रिक्ट काउन्सिलला पत्रही गेले होते. संमतीच्या चौकटीत खूण होती. ती कशी मिळाली असेल याची कल्पना मी करू शकते.

समोरचे पर्याय

काहीच न ठरवता काकूंना वॉर्डात ठेवणे हाही एक पर्याय असतो. तो कुणी निवडत नाही, पण तोच सर्वांत जास्त वेळा घडतो. या वयात अंथरुणावरच्या प्रत्येक दिवशी पायांतली ताकद कमी होते, आणि त्याच वेळी तळमजल्यावर एखादा रुग्ण खाटेसाठी ट्रॉलीवर वाट पाहत असतो.

दुसरा पर्याय तयार होता आणि सोपा होता: अठरा मैलांवरच्या केअर होममध्ये (वृद्धांना ठेवून घेऊन काळजी घेणाऱ्या निवासात) तात्पुरती खाट. त्या हिवाळ्यात रुग्णालये मोकळी व्हावीत म्हणून सरकारने आधी ५० कोटी पौंडांचा निधी दिला होता. जानेवारीत आणखी २० कोटी जाहीर केले, ते मुख्यतः अशाच खाटा चार आठवड्यांपर्यंत विकत घेण्यासाठी. खाट रिकामी, पैसा हातात, गाडी उद्या सकाळी. माझ्या वरिष्ठांचा आणि वॉर्डाचा कल तिकडेच होता आणि त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. पैसा ज्या रूपात येतो त्याच रूपात उत्तरे सुचू लागतात. तो खाटांसाठी आला होता, त्यामुळे प्रत्येक म्हातारे माणूस खाटेत बसवून पाहिले जात होते.

तिसरा, मुलाकडे नेणे. व्हिडिओवरच्या बैठकीत मुलगा लगेच "हो" म्हणाला. रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "ताई, मी हो म्हणालो खरा. पण आमचंही न्हाणीघर वरच आहे. बायकोची नर्सिंगची पाळी रात्रीची असते. तिला मी विचारलेलंसुद्धा नाही." तो रडत होता. काळजी घेणाऱ्या नातेवाइकालाही स्वतःची गरज तपासून घेण्याचा हक्क २०१४ च्या केअर ॲक्टने दिला आहे, हे त्याला तोवर कुणी सांगितलेच नव्हते. शिवाय तो वेगळ्या काउन्सिलच्या हद्दीत राहत होता. तिथे सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागले असते.

चौथा, काकूंचे स्वतःचे घर आणि त्यात रिएबलमेंट. म्हणजे काउन्सिलची माणसे दिवसातून काही वेळा घरी येतात आणि माणसाला स्वतःचे स्वतः करायला पुन्हा शिकवतात. सहा आठवड्यांपर्यंत याचे पैसे पडत नाहीत. अडचण अशी की त्या चमूकडे सकाळची जागा आणखी आठवडाभर नव्हती, आणि जिना तर होताच.

निर्णयाची पहिली जागा: विचारायचे कुणी आणि कोणत्या भाषेत

वॉर्डाचे म्हणणे होते की काकूंना निर्णयक्षमता नाही, तेव्हा त्यांच्या हिताचे आपण ठरवू. २००५ चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट याबाबत स्पष्ट आहे. माणसाला समजून घ्यायला मदत करण्याचे सगळे व्यवहार्य उपाय करून झाल्याशिवाय त्याला क्षमता नाही असे म्हणता येत नाही. त्याचा निर्णय आपल्याला शहाणपणाचा वाटला नाही, एवढे कारणही पुरत नाही. मराठीतून विचारणे हा व्यवहार्य उपाय नक्कीच होता आणि तो कुणी केला नव्हता.

तेराव्या दिवशी मी खुर्ची ओढून काकूंजवळ बसले. "काकू, मी काउन्सिलमधून आलेय. बरं वाटतंय का?"

त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "अगं, मराठी बोलतेस? मग इतके दिवस कुठं होतीस?"

तासभर बोललो. भ्रम उतरला होता. तारीख त्यांना नेमकी सांगता आली नाही, पण मकरसंक्रांत जवळ आली आहे आणि घरी तीळ आणून ठेवलेले आहेत, हे माहीत होते. जेवण का नाकारता, तर शाकाहारी ताट मांसाच्या ताटाला लागून त्याच गाडीवरून येते. घराबद्दल विचारले तेव्हा त्या चमकल्याच. "ह्यांच्यामागं माझं घर कुठं राहिलंय, असं म्हणाले असेन मी. घर आहे की! किल्ली शेजारणीकडं आहे." नवरा गेलेल्या बाईचे दुःख सरकारी कागदावर बेघरपणा होऊन बसले होते.

मी केअर होमचे सगळे नीट सांगितले: चार आठवडे, माणसे चोवीस तास जवळ, पैसे नाहीत. घरी रात्री कुणी नसेल, पुन्हा पडण्याची भीती आहे, हेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "घरीच जाईन."

"आणि रात्री उठावं लागलं तर?"

"भिंत धरून जाईन. त्या भिंती माझ्या ओळखीच्या आहेत."

माहिती समजली, लक्षात राहिली, तोलून पाहिली, निर्णय सांगितला. काकूंना निर्णयक्षमता आहे असे मी लिहिले आणि सही केली.

हे इथे सरळ सांगते की मराठी बोलणारी सोशल वर्कर त्या फाइलवर येणे हा निव्वळ योगायोग होता. माझ्या जागी दुसरे कुणी असते, तर चौदाव्या दिवशी काकू केअर होमच्या गाडीत बसल्या असत्या.

दुसरी जागा: देव्हारा

रुग्णालयाची ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे जमावीत म्हणून साधने आणि घरातले बदल सुचवणारी तज्ज्ञ, मुलाबरोबर घर पाहून आली होती. तिची योजना चांगली होती. जिना टाळायचा, पलंग खाली मागच्या खोलीत आणायचा आणि बाजूला कमोडची खुर्ची ठेवायची. ती खोली उबदार, स्वयंपाकघर तीन पावलांवर. काकूंनी कमोड साफ नाकारला आणि "साधने नाकारतात" अशी नोंद झाली. घरी जाण्याचा मार्ग त्या एका ओळीपाशी अडला होता.

मी विचारले तेव्हा कारण एका वाक्यात मिळाले. "अगं, तिथं देव आहेत."

मागच्या खोलीत देव्हारा होता. त्या खोलीत शौचाची खुर्ची ठेवायची, ही कल्पनाच काकूंना सहन होत नव्हती. मुलाला हे ठाऊक असणार, पण इंग्रजीत ते कसे सांगावे, सांगितले तर आईला हट्टी ठरवतील का, अशा संकोचात तो गप्प राहिला. पलंग आणि खुर्ची पुढच्या, रस्त्याकडच्या खोलीत न्यायची असे ठरले. ती खोली थोडी गार होती, म्हणून हीटर वाढवला. थेरपिस्टने योजना दहा मिनिटांत बदलली. मागच्या खोलीतल्या लाकडी पेटीत काय आहे हे आपण विचारायला हवे होते, असे ती स्वतःहून म्हणाली.

तिसरी जागा: सहा दिवस

सोळाव्या दिवसाच्या बैठकीला वॉर्डाची डिस्चार्ज बघणारी बाई, थेरपिस्ट, रिएबलमेंटची व्यवस्थापक, पडद्यावर मुलगा, मी आणि एक अनपेक्षित माणूस होता: डिस्ट्रिक्टचा गृहनिर्माण अधिकारी. बेघर म्हणून चुकून गेलेल्या त्या पत्रामुळे काकूंचे नाव त्याच्याकडे पोहोचले होते. पत्र चुकीचे आहे हे कळल्यावर फाइल बंद करणे त्याला सहज शक्य होते. त्याने फोन करून विचारले, "घर आहे म्हणता, मग त्या घराला काय हवंय?" या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटलेला प्रश्न हाच.

केअर होमची खाट सतराव्या दिवशी मिळत होती. रिएबलमेंट तेविसाव्या दिवशी. मध्ये सहा दिवस. त्या आठवड्यात रुग्णवाहिका रुग्णालयाच्या आवारात रांगेने उभ्या होत्या आणि आत माणसे. काकूंना घरीच जायचे आहे असा आग्रह मी धरते तेव्हा त्या सहा दिवसांची किंमत एखाद्या अनोळखी माणसाच्या अंगावर पडते, हे मला दिसत होते. डिस्चार्ज बघणारी बाई ते स्पष्ट बोलली आणि तिचा अधिकार होता. सहा दिवस तिकडे ठेवू, मग घरी नेऊ, असेही सुचवले गेले. मी विरोध केला. माझ्या अनुभवात तात्पुरती खाट क्वचितच तात्पुरती राहते. रिएबलमेंटची जागा आधी वॉर्डातल्या माणसाला जाते. केअर होममधले माणूस "सुरक्षित" म्हणून मागे पडते. आणि नुकताच भ्रमातून बाहेर आलेला मेंदू दोन आठवड्यांत तीन जागा बदलून सहन करील, याची मला खात्री नव्हती.

शेवटी मार्ग असा निघाला. हे सहा दिवस फुकट जाऊ द्यायचे नाहीत. फिजिओथेरपिस्ट रोज दोनदा येईल आणि त्यातल्या एका वेळी सरावाच्या पायऱ्या चढवून घेईल. मुलगा शनिवारी घरचे जेवण आणेल. रोजचे शेजारीण आणि तिची सून बघतील. वॉर्डाने परवानगी दिली. मुगाची खिचडी आली त्या दुपारी "जेवण नाकारतात" ही ओळ संपली.

काय केले

डिस्ट्रिक्टच्या किरकोळ दुरुस्त्या करणाऱ्या माणसाने दोन दिवसांत जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा बसवला. दाराबाहेर आकड्यांनी उघडणारी किल्लीची पेटी लावली, म्हणजे येणाऱ्यांसाठी काकूंना उठावे लागणार नाही. काउंटीने पलंग, कमोड, चालायची फ्रेम आणि गळ्यात घालायचे आपत्कालीन बटण दिले. हजार पौंडांच्या आतली अशी साधने आणि छोट्या दुरुस्त्या मोफत असतात.

पैशांचा कागद मी मुलासमोरच उघडला. त्याला एक भीती होती आणि ती बऱ्याच मराठी घरांत असते: गावच्या बँकेतली आईची ठेव सांगायची का? सांगायची. भारतातली शिल्लकही इथल्या हिशेबात धरली जाते आणि लपवली तर पुढे फार महागात पडते. काकूंची सगळी शिल्लक मिळून १४,२५० पौंडांच्या आत होती. त्या मर्यादेखालची शिल्लक काउन्सिल मोजत नाही. २३,२५० च्या वर असेल तर पूर्ण खर्च स्वतःचा. माणूस स्वतःच्या घरात राहून मदत घेत असेल तर घराची किंमत धरत नाहीत. कायमचे केअर होम झाले तर बहुतेक वेळा धरतात. हा फरक कळला तेव्हा मुलाने मोठा श्वास सोडला.

मग असे दिसले की काकूंनी अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे रोजच्या कामांत मदत लागणाऱ्या वृद्धांचा सरकारी भत्ता, कधी मागितलाच नव्हता. तेव्हा तो आठवड्याला ६१.८५ किंवा ९२.४० पौंड होता आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. तो मिळाला की एकट्या राहणाऱ्यांना पेन्शन क्रेडिटमध्ये (कमी उत्पन्नाच्या वृद्धांच्या सरकारी मदतीत) वाढ मिळू शकते. काकूंच्या बाबतीत तसे झाले आणि त्यामुळे घरात सोयीचे बदल करण्याच्या अनुदानात त्यांना स्वतःचा हिस्सा भरावा लागला नाही. हे अनुदान कमाल ३०,००० पौंडांचे असते. त्याचा पैसा २०१५ पासून एनएचएस आणि काउन्सिल यांच्या सामाईक निधीतून काउंटीकडे आणि तिथून डिस्ट्रिक्टकडे जातो. एकात्मिक व्यवस्था म्हणतात ती मला इथे हातात धरता आली: तिघांच्या पैशाने एका बाईच्या घरात बसलेला एक जिन्याचा पाळणा, म्हणजे जिन्यावरून बसवून वर-खाली नेणारी खुर्ची.

परिणाम

तेविसाव्या दिवशी काकू घरी आल्या. संक्रांत होऊन गेली होती, तरी त्यांनी मला तिळाची वडी दिली.

पहिल्या आठवड्यात दिवसाला चार फेऱ्या होत्या, सहाव्या आठवड्यात एकच उरली. येणाऱ्या मुलींसाठी मी एका पुठ्ठ्यावर दहा मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवले: दुखतंय, पाणी, पुरे, हळू. पाचव्या आठवड्यात दोन्ही कठडे धरून, मागे एक मुलगी, काकू जिना चढल्या. टबावर फळी टाकून त्यावर बसून बादली-तांब्याने अंघोळ केली. नोंदवहीत त्या मुलीने लिहिले, "आज त्या गात होत्या."

सगळे नीट झाले नाही. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळची फेरी सलग चार दिवस उशिरा आली. वाट पाहत काकू खुर्चीतच झोपल्या, पाय सुजले. त्याच सुमारास लघवीचा संसर्ग झाला आणि दोन रात्री रुग्णालयात जावे लागले. इथे एक गोष्ट मात्र आम्ही बरोबर केली. माणूस दाखल झाले की घरच्या फेऱ्या बहुधा लगेच रद्द होतात आणि परत मिळवायला आठवडे लागतात. रिएबलमेंटच्या व्यवस्थापिकेने काकूंची जागा तीन दिवस राखून ठेवली. तिसऱ्या दिवशी त्या त्याच फेऱ्यांत परत आल्या.

अनुदानाचे काम मात्र रेंगाळले. पूर्ण अर्जावर सहा महिन्यांत निर्णय द्यायचा असे कायदा सांगतो आणि बरीचशी मुदत वापरली गेली. जिन्याचा पाळणा आणि टबाच्या जागी सपाट जमिनीचे न्हाणीघर सप्टेंबरात झाले. सात महिने काकू दिवसातून एकदाच वर जात.

काय वेगळे करता आले असते

भाषेचे तर उघड आहे. पहिल्या दिवशी "कोणती भाषा" या रकान्यात "भारतीय" असे लिहिले होते. तिथे "मराठी" असते आणि मराठी दुभाषा फोनवर मिळाला असता, तर आठ-नऊ दिवस वाचले असते. माझ्या आग्रहाच्या सहा दिवसांपेक्षा ते अधिक आहेत.

काउन्सिलला पहिला निरोप नवव्या दिवशी आला, उपचार संपल्यावर. खुबा मोडलेली, एकटी राहणारी, ८१ वर्षांची बाई घरी जाताना मदत लागणार हे दुसऱ्या दिवशीच दिसत होते. घरी सोडण्याचा विचार सुरू होताच रुग्णाला आणि त्याची काळजी घेणाऱ्यांना सामील करा, असे २०२२ चा कायदा रुग्णालयांना सांगतो. मुलाला पहिला फोन आठव्या दिवशी गेला होता. पण हा दोष एकट्या वॉर्डाचा नाही. आमच्या काउंटीत तेव्हा "तब्येत स्थिर झाल्याशिवाय आमच्याकडे पाठवू नका" असाच निरोप असे. वर्षानुवर्षे खाटा कुणामुळे अडल्या यावरून दंड आणि हिशेब चालत आले होते. दंडाची तरतूद कायद्यातून गेली तरी सवय गेली नव्हती. लवकर निरोप घेतला तर उशिराचा ठपका आपल्यावर येईल, ही भीती मी स्वतः बाळगली आहे.

सहा दिवसांबद्दल माझे मन अजून निवांत नाही. तोच निर्णय मी पुन्हा घेईन. पण सकाळची एक फेरी खासगी संस्थेकडून आठवडाभर विकत घ्यावी, हे मला तेव्हा सुचले नाही. निधीत ते बसले असते. मी खाट की फेरी एवढाच वाद घालत राहिले.

सर्वांत जास्त लागलेली गोष्ट मला उशिरा कळली, मार्चमध्ये, त्या गृहनिर्माण अधिकाऱ्याकडून. ज्यांना कचऱ्याची चाकांची पेटी रस्त्यापर्यंत ढकलता येत नाही, त्यांच्या दारातून सफाई कामगार ती उचलून नेतात आणि रिकामी करून परत ठेवतात. त्यासाठी अर्ज करावा लागतो. काकूंचे नाव त्या यादीत चौदा महिन्यांपासून होते. अर्ज शेजारणीने भरला होता आणि कारणाच्या जागी लिहिले होते: "दोनदा पडल्या, तोल जातो."

डॉक्टरांकडे ही नोंद नव्हती. माझ्या काउंटीकडे नव्हती. पडणे टाळण्यासाठी व्यायाम शिकवणारा वर्ग सार्वजनिक आरोग्याच्या पैशाने काकूंच्या घरापासून बसने दहा मिनिटांवर चालत होता; त्यांच्याकडेही नव्हती. दर आठवड्याला दारात येऊन पेटी नेणाऱ्या कामगारांना तेवढी ती माहीत होती.

आम्ही दोघांनी मिळून स्थानिक बैठकीत हा विषय मांडला. सगळ्या याद्या एकमेकांना देऊन टाका, अशी मागणी आम्ही केली नाही. लोकांनी कचऱ्यासाठी दिलेली माहिती न विचारता दुसरीकडे नेणे योग्य नव्हते. अर्जात एक ओळ वाढवावी एवढेच सुचवले: तोल जात असेल, तर पडणे टाळायला मदत करणाऱ्यांना तुमचे नाव कळवू का? हो किंवा नाही. मंजुरीला तीन बैठका लागल्या. छापील अर्ज आला तेव्हा काकूंना मी त्याची एक प्रत दाखवायला नेली. त्यांनी चष्मा लावून ती ओळ माझ्याकडून मराठीत समजून घेतली आणि म्हणाल्या, "शेजारणीला दे. तिचा नवरापण हल्ली भिंत धरून चालतो."